हरण्याची मुभा

६ डिसेंबर २०१० रोजी न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने आपले मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ख्रिस ह्यूटन यांना काढून टाकलं. त्या दिवशी संघ इंग्लंडच्या सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, अकरावा होता. वीस संघांत अकरावा, आणि तोही त्याच वर्षी खालच्या डिव्हिजनमधून वर आलेला. महिनाभरापूर्वी याच संघाने हाडवैरी संडरलंडला ५-१ असं लोळवलं होतं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात आर्सेनलला त्यांच्याच मैदानात जाऊन हरवलं होतं.

त्याआधीचा हंगाम आठवून बघा. २००९ मध्ये न्यूकॅसल प्रीमियर लीगमधून घसरला. मालकांनी क्लब विकायला काढला होता, चांगले खेळाडू निघून चालले होते, मॅनेजरची खुर्ची रिकामी होती. अशा वेळी ह्यूटन 'तात्पुरते' म्हणून उभे राहिले. त्या पडक्या घरातून त्यांनी १०२ गुणांचा हंगाम काढला, घरच्या मैदानावर लीगचा एकही सामना न हरता खालच्या डिव्हिजनचं विजेतेपद घेऊन क्लबला पुन्हा वर नेलं. आणि सहा-सात महिन्यांत त्यांना निरोप मिळाला. क्लबच्या निवेदनात कारण असं होतं, की संघ पुढे न्यायचा तर अधिक अनुभव असलेला माणूस हवा. तीन दिवसांनी अ‍ॅलन पार्ड्यू आले. साडेपाच वर्षांचा करार. पार्ड्यू यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिसऱ्या स्तरावरच्या साउदॅम्प्टनने काढून टाकलं होतं.

पार्ड्यू यांनी पुढे न्यूकॅसलला पाचव्या क्रमांकापर्यंत नेलं, हे मान्य करायलाच हवं. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच: तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेलेला माणूस 'अनुभवी' ठरतो आणि नुकताच विजेतेपद मिळवलेला माणूस कच्चा ठरतो, हे मोजमाप नेमकं कुठलं?

ह्यूटन यांचे वडील घानाचे, आई आयरिश. जन्म लंडनचा. आयर्लंडकडून खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. खेळणं संपल्यावर १९९३ ते २००७ अशी चौदा वर्षं त्यांनी टॉटनहॅममध्ये प्रशिक्षक म्हणून काढली. त्या काळात तिथे एकामागून एक मॅनेजर आले आणि गेले. अर्जेंटिनाचा आला, स्विस आला, फ्रेंच आला, डच आला. ह्यूटन मात्र सहायकच राहिले. नव्या साहेबाला खेळाडूंची ओळख करून द्यायची, तो गेला की पुढच्याला. कोणत्याही सरकारी कचेरीत असा एक हेडक्लार्क असतो, ज्याच्याशिवाय फाईल हलत नाही आणि ज्याचं नाव बढतीच्या यादीत कधी येत नाही. ह्यूटनना स्वतःची खुर्ची मिळाली तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते, आणि तीही दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून.

इंग्लिश फुटबॉलमधला वर्णभेद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रेक्षकांनी फेकलेली केळी येतात, माकडांचे आवाज येतात. १९८८ मधला जॉन बार्न्सचा तो फोटो कुणी विसरू शकत नाही. लिव्हरपूलच्या शर्टातला बार्न्स, मैदानावर पडलेलं केळं, आणि ते टाचेने बाजूला सारणारा त्याचा पाय. १९८२ मध्ये सिरिल रेजिसला इंग्लंडच्या संघात घेतलं तेव्हा त्याला पोस्टाने बंदुकीची गोळी आली होती. हे सगळं घडलेलं आहे, आणि पूर्ण संपलेलंही नाही. युरो चषकाच्या अंतिम सामन्यात २०२१ साली रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या, त्या रात्री त्यांच्या फोनवर काय काय आलं ते जगाने पाहिलं. पण या गोष्टी दिसतात. कॅमेऱ्यात सापडतात, माणूस पकडला जातो, स्टेडियमचं दार त्याच्यासाठी बंद होतं. क्लबच्या संचालकांच्या खोलीत असं काही घडत नाही. तिथे कुणी शिवी देत नाही. तिथे फक्त एक नाव यादीत येत नाही.

ब्लॅक फुटबॉलर्स पार्टनरशिप या संघटनेने २०२२ मध्ये अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांच्याकडून एक अभ्यास करून घेतला. प्रीमियर लीगमधले ४३ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय. आणि माजी खेळाडूंना साधारणपणे ज्या मॅनेजरकीच्या जागा मिळतात, त्यांत कृष्णवर्णीय ४.४ टक्के. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तिथेच हा सगळा विषय आहे. जवळजवळ निम्मे पाय त्यांचे, आणि डोकं जवळजवळ कधीच त्यांचं नाही.

पाय आणि डोकं असं मी उगाच म्हणत नाही. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता. इंग्लंड, इटली, स्पेन आणि फ्रान्स इथल्या लीगचे ८० सामने घेतले आणि इंग्रजी समालोचक कोणत्या खेळाडूबद्दल काय बोलतात ते वाक्य न् वाक्य मोजलं. बुद्धीचं जे कौतुक झालं, त्यातलं ६० टक्क्यांहून जास्त उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला आलं. आणि ताकदीबद्दल बोलायचं झालं तर ते गडद कातडीच्या खेळाडूबद्दल बोललं जाण्याची शक्यता साडेसहा पट होती. समालोचक काही वाईट माणसं नसतात. ते स्तुतीच करत असतात. पण पंधरा वर्षं ज्याच्या फक्त मांड्यांची स्तुती झाली, त्याच्याकडे निवृत्तीनंतर डावपेच आखायचं काम सोपवावं, असं कुणाच्या मनात येणार?

हा अभ्यास वाचला तेव्हा मला आमचं शाहू स्टेडियम आठवलं. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉलचं वेड वेगळं लावून घ्यावं लागत नाही. आमच्याकडे संघ तालमींचे आणि पेठांचे असतात, आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना असला की शहराचा तो दिवस कामाचा राहत नाही. मध्यंतरी काही संघांनी परदेशी खेळाडू आणायला सुरुवात केली. त्यांत आफ्रिकेतून आलेली मुलं बरीच होती. गॅलरीचं त्यांच्यावर प्रेम होतं, त्यांच्या नावाने घोषणा होत, सामना संपल्यावर पोरं त्यांच्याभोवती गराडा घालत. त्यांतला एक मधल्या फळीत खेळायचा. अंगापिंडाने काही विशेष नव्हता, आमच्या पेठेतली दोन-तीन पोरं त्याच्यापेक्षा दांडगी होती. मी एक सामना फक्त त्याच्याकडे बघत काढला. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून एकदा डावीकडे बघायचा, एकदा उजवीकडे. बॉल आला की त्याला शोधाशोध करावी लागत नव्हती, पहिल्याच टचला बॉल मोकळ्या माणसाकडे गेलेला असायचा. पळायचा तर तो फारच कमी. दुसऱ्या हाफमध्ये त्याने दोन बचावपटूंच्या मधून असा पास सरकवला की आमचा विंगर गोलकीपरसमोर एकटा उभा. गोल झाला. माझ्या शेजारचे काका उठून ओरडले, "आरं, काय ताकद हाय गड्याच्या अंगात!" आजूबाजूचे सगळे तेच ओरडत होते. ताकद! त्या पासमध्ये ताकद कुठे होती? त्या पासमध्ये नजर होती, अंदाज होता, क्षणभर थांबण्याचा संयम होता. काकांना त्याच्यावर जीव ओवाळून टाकायचा होता, पण तोंडात दुसरा शब्दच येत नव्हता.

इंग्लंडच्या संचालकांचंही याहून फार वेगळं होत नसावं असं मला वाटतं. फरक एवढाच की काकांच्या ओरडण्याने त्या मुलाची नोकरी ठरत नव्हती.

फुटबॉल मॅनेजर हा मुळात अपयशी होण्याचाच धंदा आहे. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, त्यातला एक जिंकणार, तीन खाली जाणार, आणि उरलेल्यांतले अर्धे मालक नाराज असणार. आज ना उद्या प्रत्येकाला नारळ मिळतो. म्हणून मॅनेजरची कारकीर्द किती सामने जिंकले यावर जेवढी ठरते, त्याहून जास्त पडल्यावर कितीदा पुन्हा उभं केलं जातं यावर ठरते. सॅम अ‍ॅलरडाइस यांनी प्रीमियर लीगचे नऊ क्लब सांभाळले. बुडणारा संघ तरता ठेवण्याची त्यांची हातोटी अस्सल होती, मला तिच्याबद्दल आदर आहे. २०२१ मध्ये वेस्ट ब्रॉमविच त्यांच्या हाताखाली घसरला, तरी २०२३ मध्ये लीड्सने हंगामाच्या शेवटच्या चार सामन्यांसाठी त्यांनाच बोलावलं. लीड्सही घसरला. हे चुकलं असं मी म्हणणार नाही. माणसाकडे गुण असतील तर एखाद-दुसऱ्या वाईट हंगामाने ते नाहीसे होत नाहीत, हे क्लबांना कळतं. मग हे शहाणपण सगळ्यांच्या बाबतीत का चालत नाही?

अ‍ॅलरडाइस यांनी डिसेंबर २००८ मध्ये ब्लॅकबर्नला ज्यांची जागा घेतली, ते पॉल इन्स. इन्स हा इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, मँचेस्टर युनायटेड, इंटर मिलान आणि लिव्हरपूलच्या मधल्या फळीचा कणा. मॅनेजर म्हणून तो वरून खाली टपकला नव्हता. एकेक पायरी चढून आला होता. २००६ मध्ये त्याने मॅकल्सफील्ड हा चौथ्या डिव्हिजनचा, तळाला रुतलेला क्लब घेतला आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी वाचवला. पुढे एमके डॉन्सला ती डिव्हिजन जिंकून दिली, त्याच वर्षी एक चषकही आणला. मग ब्लॅकबर्न. प्रीमियर लीगमध्ये मॅनेजर झालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश माणूस. लीग सुरू होऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. ब्लॅकबर्नला त्याला मिळाले १७७ दिवस. निकाल वाईट होते, संघ खालून दुसरा होता, काढलं यात नवल नाही. पण त्यानंतर प्रीमियर लीगचं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. एमके डॉन्स, नॉट्स काउंटी, ब्लॅकपूल, रेडिंग, सगळं खाली.

जॉन बार्न्सचंही तेच. १९९९ मध्ये सेल्टिकसारख्या बड्या क्लबने त्याला कसलाही अनुभव नसताना नेमलं. फेब्रुवारी २००० मध्ये स्कॉटिश चषकात इनव्हर्नेससारख्या छोट्या संघाने सेल्टिकला घरच्या मैदानावर ३-१ हरवलं आणि बार्न्स गेला. ग्लासगोसारख्या शहरात असा पराभव पचत नाही. त्याच्या जागी कुणीही असता तरी गेला असता. पण त्यानंतर दुसरा क्लब मिळायला बार्न्सला २००९ उजाडावं लागलं, आणि तो क्लब होता ट्रॅनमियर. मधल्या नऊ वर्षांत किती गोऱ्या मॅनेजरांनी किती क्लब बदलले असतील! इंग्लंडने जन्माला घातलेला नसला तरी इंग्लंडकडून खेळलेला सर्वांत देखणा विंगर टीव्हीच्या स्टुडिओत बसून त्यांच्या डावपेचांवर बोलत राहिला.

मला यात सगळ्यांत जास्त टोचतं ते हे, की पराभव बार्न्सचा एकट्याचा राहत नाही. गोरा मॅनेजर फसला की तो फसला. कृष्णवर्णीय फसला की 'प्रयोग' फसला. पुढच्याच्या मुलाखतीत त्याचा हिशेब काढला जातो, तोंडाने नाही तर मनातल्या मनात. म्हणजे दर वेळी मैदानात उतरताना या माणसाच्या पाठीवर स्वतःचे अकरा खेळाडू आणि अजून नेमणूक न झालेल्या कितीतरी जणांची उमेद, असं दुहेरी ओझं. ज्याला हरण्याची मुभा नाही, तो धाडसी डाव तरी कसा खेळणार?

आता मॅकल्सफील्ड. या गावाबद्दल मला थोडं थांबून सांगायचं आहे. मँचेस्टरच्या दक्षिणेला, चेशायरमध्ये, एके काळी रेशमाच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं गाव. क्लबचं मैदान मॉस रोज, आजूबाजूला घरं, पलीकडे टेकड्या. क्लब १९९७ मध्ये पहिल्यांदा फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशाच्या वरच्या चार डिव्हिजनमध्ये, आला आणि तिथे टिकून राहण्यासाठीच कायम झगडला. पैसा कधीच नव्हता. पण या गरीब क्लबच्या मॅनेजरांची यादी बघितली तर चकित व्हायला होतं. २००६ मध्ये पॉल इन्स. २००८ मध्ये कीथ अलेक्झांडर. २०१८ मध्ये सोल कॅम्पबेल. तिघेही कृष्णवर्णीय, तिघेही आले तेव्हा संघ बुडायच्या बेतात, आणि तिघांनीही संघ वाचवला.

कीथ अलेक्झांडर १९९३ मध्ये लिंकन सिटीचे मॅनेजर झाले होते. एका हंगामानंतर काढले गेले. २००२ मध्ये लिंकनचं दिवाळं निघायची वेळ आली, खेळाडू विकले गेले, तेव्हा पुन्हा तेच. सगळ्यांनी त्या संघाला शेवटचा नंबर देऊन टाकला होता. अलेक्झांडर यांनी उरलेल्या आणि कुठून कुठून गोळा केलेल्या पोरांना घेऊन लागोपाठ चार वर्षं संघ प्ले-ऑफपर्यंत, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या बाद सामन्यांपर्यंत, नेला. मधेच मेंदूतल्या रक्तवाहिनीचं जीवघेणं दुखणं आलं, शस्त्रक्रिया झाली, काही महिन्यांत ते पुन्हा मैदानाच्या कडेला उभे. एवढं करून त्यांना वरच्या डिव्हिजनमधला एखादा बरा क्लब मिळाला असेल असं वाटतं ना? मार्च २०१० मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा ते मॅकल्सफील्डचेच मॅनेजर होते. एका सामन्याहून परत आल्यावर त्याच रात्री गेले.

सोल कॅम्पबेल हे तर मोठं नाव. इंग्लंडकडून ७३ सामने, आर्सेनलच्या त्या अख्खा हंगाम न हरलेल्या संघाचा मधला बचावपटू, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल. २०११ मध्ये खेळ थांबवला, प्रशिक्षणाच्या परीक्षा दिल्या, आणि मॅनेजर म्हणून पहिली नोकरी मिळाली २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, अख्ख्या लीगमध्ये तळाला असलेल्या मॅकल्सफील्डची. त्याच्याबरोबर इंग्लंडकडून खेळलेला फ्रँक लॅम्पार्ड २०१७ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी डार्बीचा मॅनेजर झाला, त्याच्या पुढच्या वर्षी चेल्सीचा. स्टीव्हन जेरार्ड लिव्हरपूलच्या मुलांना एक वर्ष शिकवून थेट स्कॉटलंडच्या रेंजर्सचा मॅनेजर झाला. इंग्लंडचा खेळाडू रहीम स्टर्लिंगने जून २०२० मध्ये बीबीसीवर हीच नावं समोरासमोर ठेवली होती: एकीकडे जेरार्ड आणि लॅम्पार्ड, दुसरीकडे कॅम्पबेल आणि अ‍ॅशली कोल. चालू खेळाडूने एवढं उघड बोलायला धाडस लागतं. कॅम्पबेल स्वभावाने ताठ आहे, बोलताना स्वतःबद्दल मोठं बोलतो, म्हणून क्लब बिचकतात असं उत्तर तेव्हा पुष्कळांनी दिलं. मॅनेजर होण्यासाठी विनयाची अट कधीपासून लागली? या खेळातले सर्वांत यशस्वी मॅनेजर आठवा आणि त्यांतले किती जण नम्र होते ते सांगा.

कॅम्पबेलने मॅकल्सफील्ड शेवटच्या दिवशी वाचवला. पण क्लबला पगार देता येत नव्हते. तो काही महिन्यांत गेला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने क्लब मोडीत काढला. ज्या एका दारातून तीन कृष्णवर्णीय मॅनेजर आत आले, ते दारच उरलं नाही.

आणि हे सगळं नवीन म्हणावं तर तेही नाही. १९६० मध्ये रॉचडेलने टोनी कॉलिन्स यांना मॅनेजर केलं. फुटबॉल लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर. दोनच वर्षांत त्यांनी चौथ्या डिव्हिजनचा तो संघ लीग चषकाच्या अंतिम सामन्यात नेला; वाटेत पहिल्या डिव्हिजनच्या ब्लॅकबर्नला उपांत्य फेरीत हरवलं. असं काम केलेल्या मॅनेजरला मोठ्या क्लबने उचलायला हवं होतं. मोठ्या क्लबांनी त्यांना उचललंही, पण दुसऱ्याच कामासाठी. लीड्सचे मॅनेजर डॉन रेव्ही यांच्यासाठी प्रतिस्पर्ध्यांचा खेळ बघून बारकाईने टिपणं लिहायचं काम. त्यांची नजर हवी होती, त्यांचं डोकं हवं होतं, पण पडद्यामागे. १९६७ मध्ये त्यांनी रॉचडेल सोडलं, त्यानंतर कीथ अलेक्झांडर यायला पाव शतक गेलं.

मग यावर करायचं काय? अमेरिकेत तिथल्या फुटबॉलच्या (तो खेळ वेगळा) लीगने २००३ मध्ये एक नियम केला. पिट्सबर्गच्या संघाचे मालक डॅन रूनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना किमान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. नेमायचंच असं बंधन नाही. फक्त खुर्चीवर बसवून ऐका. चार वर्षांत असं झालं की अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते. इंग्लंडमध्ये खालच्या तीन डिव्हिजनमध्ये २०१६ पासून तो नियम आधी काही क्लबांनी आपखुशीने आणि पुढे सगळ्यांनी स्वीकारला. पण त्यात पळवाट होती. क्लबने रीतसर भरती केली तरच नियम लागू. आणि फुटबॉलमध्ये रीतसर भरती होते कुठे? रविवारी सामना हरला, सोमवारी सकाळी मॅनेजर गेला, दुपारी एजंटचा फोन आला, बुधवारी नवा माणूस मफलर गळ्यात घालून फोटोला उभा. जाहिरात नाही, अर्ज नाही. ज्याचा नंबर मालकाच्या फोनमध्ये आहे, त्याची नेमणूक. अमेरिकेतही पुढे ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने २०२२ मध्ये खटला भरला, कारण त्याच्या मुलाखतीच्या तीन दिवस आधीच दुसऱ्याचं नाव पक्कं झाल्याचा मेसेज चुकून त्याच्याच फोनवर आला होता. माणूस आधी ठरलेला आणि मुलाखत नावाला, हा प्रकार आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

'रंग कशाला बघता, योग्य माणूस घ्या,' हे वाक्य या वादात हमखास येतं. ते ऐकलं की माझ्यातला कोल्हापूरकर जागा होतो. ज्यांच्या नावाने आमचं स्टेडियम आहे, त्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातल्या निम्म्या सरकारी जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. योग्यतेचं काय, हा सवाल त्यांनाही विचारला गेला. त्याचं उत्तर म्हणून घोड्यांच्या पागेची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. महाराजांनी सगळ्या घोड्यांचा चंदी-चारा एकाच जागी टाकायला लावला. धडधाकट घोडे पुढे घुसले, अशक्त आणि शिंगरं मागे उभी राहिली. मग सांगलीच्या ज्या वकीलसाहेबांनी शंका काढली होती, त्यांना विचारलं, आता या मागच्यांचं काय करू? गोष्टीत तपशील थोडे इकडचे तिकडे झाले असतील, पण ज्याने ती ऐकली आहे त्याला 'योग्य माणूस घ्या' हे वाक्य इतक्या सहज पटत नाही. योग्यता कोण बघतंय आणि कुठे उभं राहून बघतंय, हे त्याला विचारावंसं वाटतं. इंग्लंडचे क्लब मालक राखीव जागांच्या जवळपासही पोचलेले नाहीत. तिथे भांडण अजून मुलाखतीला बोलावण्यावर अडलेलं आहे.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये विविधतेची एक आचारसंहिता काढली. प्रशिक्षकांच्या नव्या नेमणुकांत २५ टक्के कृष्णवर्णीय, आशियाई किंवा मिश्र वंशाचे असावेत असं त्यात लिहिलं होतं. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच संघटनेचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क संसदेच्या समितीपुढे बोलताना कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी जुनाट, अपमानकारक शब्द वापरून गेले आणि त्याच दिवशी त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच बैठकीत ते असंही म्हणाले होते की, आमच्या आयटी विभागात गेलात तर दक्षिण आशियाई लोक कितीतरी जास्त दिसतील, त्यांच्या आवडी वेगळ्या असतात. हे वाक्य आपल्याबद्दल आहे. रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स इथे राहणारी, शनिवारी सकाळी मुलांना चिखलातल्या मैदानावर सोडायला जाणारी जी आपली मराठी घरं आहेत, त्यांच्याबद्दल. तुम्ही कॉम्प्युटरला, ते मैदानावर, आणि ठरवणारे आम्ही. अशी वाटणी देशाच्या फुटबॉलचा प्रमुख संसदेच्या समितीपुढे सहज बोलता बोलता करून टाकतो, तेव्हा हा प्रश्न फक्त दुसऱ्यांचा आहे असं समजून गप्प बसता येत नाही. त्या मैदानावर आज सहा-सात वर्षांचं जे पोर आहे, त्याला एक दिवस मॅनेजर व्हावंसं वाटलं तर?

ह्यूटन यांनी न्यूकॅसलनंतर बर्मिंगहॅम, नॉर्विच आणि ब्रायटन सांभाळले. ब्रायटन त्यांनी २०१७ मध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये नेला, १९८३ नंतर पहिल्यांदाच. दोन हंगाम तिथे टिकवला, २०१९ मध्ये एफए चषकाच्या उपांत्य फेरीत नेला, आणि हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. त्यांच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात ते किती सज्जन आणि शांत आहेत हे असतं. त्यांच्या बचावफळीच्या रचनेबद्दल, कमी पैशात संघ बांधण्याबद्दल मी फार कमी वाचलं आहे.

डॅरेन मूर यांची गोष्टही अशीच सुरू होते. २०१८ मध्ये वेस्ट ब्रॉमविच घसरणार हे नक्की असताना हंगामाच्या शेवटी त्यांच्याकडे संघ दिला, एप्रिल महिन्याचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले. पुढच्या मार्चमध्ये संघ दुसऱ्या स्तरावर चौथा असताना काढले गेले. २०२३ मध्ये शेफील्ड वेन्सडेला त्यांनी ९६ गुण मिळवून दिले. प्ले-ऑफच्या पहिल्या सामन्यात पीटरबरोने ०-४ ची धूळ चारली, परतीच्या सामन्यात मूर यांच्या पोरांनी ते सगळे गोल फेडले, पेनल्टीवर जिंकले, वेम्ब्लीवर जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटांत गोल करून वर गेले. तीन आठवड्यांनी मूर आणि क्लब परस्परसंमतीने वेगळे झाल्याची बातमी आली. पुढे हडर्सफील्ड, तिथे काही महिने.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोर्ट व्हेल या क्लबने त्यांना साडेपाच वर्षांचा करार दिला. न्यूकॅसलने पार्ड्यू यांना दिला होता, तेवढ्याच मुदतीचा. संघ तेव्हाच अडचणीत होता आणि एप्रिलमध्ये चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरला. इतर कुठल्याही क्लबने इथे पान उलटलं असतं, आणि मूर यांच्या नावापुढे आणखी एक अपयश लिहिलं गेलं असतं. पोर्ट व्हेलच्या मालकीणबाईंनी त्यांना ठेवलं. उन्हाळ्यात नवा संघ बांधू दिला, हंगामाच्या मधल्या वाईट आठवड्यांतही हात लावला नाही. २०२५ च्या वसंतात पोर्ट व्हेल दुसऱ्या क्रमांकावर येऊन वर गेला.